वस्तीची भाषा

जुन्या जपानातल्या सरकारी परवान्याच्या वेश्यावस्तीवर संघमित्रा अमेरिकेत ॲन आर्बरला पीएचडी करत होती. सकाळीच तिनं टाइपरायटरवर एक परिच्छेद उतरवला होता. खेड्यापाड्यांतून आणलेल्या मुलींची गावची बोली आधी मोडून काढायचे, मग त्यांना वस्तीची गोड भाषा शिकवायचे. ही कुठली, कुणाची, हे गिऱ्हाइकाला कळता कामा नये.

संध्याकाळी शैलाकाकूंकडे मराठी मंडळी जेवायला जमली. "किती शुद्ध बोलतेस गं! विदर्भातली वाटतच नाहीस," काकू म्हणाल्या. संघमित्रा सुखावली.

"निघते काकू. आईला फोनची वेळ दिलीय."

"अगं, इथूनच लाव की!"

तिकडे गावात, हेडमास्तरांच्या घरी, तिची माय फोनपाशी येऊन बसली होती. "जय भीम," पलीकडून मायचा आवाज आला.

इकडे सगळी मंडळी कौतुकानं ऐकत होती. संघमित्रानं आवाज सावरला. "नमस्कार आई. कशी आहेस? तब्येत बरी आहे ना?"

माय अदबीनं म्हणाली, "बरी आहो जी बाई. माही पोरगी तिथंच असंन, जरा तिले द्या न फोन."