दोनदा वाजलेला एक

"त्या वेळेला तुझी नोंदच नाही, आइला," मर्ल ट्रास्क म्हणाला.

सोमवारची सकाळ. डुलुथमधल्या एका रुग्णालयाच्या तळघरात तिघं इंगाच्या पडद्यासमोर बसली होती; रुग्णालयाचे संगणक तीच सांभाळायची. औषधांच्या कपाटाची जबाबदारी मर्लची. कपाटातून मॉर्फीनची एक कुपी बाहेर गेली होती आणि ती रोग्याला दिल्याचं संगणकात कुठेच नव्हतं. रोगी रविवारी पहाटेच वारला होता. विचारायचं कुणाला?

"एक वीसला दिली, लगेच नोंदही केली," आइला म्हणाली. तिची नर्सची नोकरी त्या नोंदीवर टांगली होती.

"एक वीसच्या इतर वॉर्डांच्या नोंदी आहेत. तुझ्याच नोंदीला तेवढे पाय फुटले?"

रविवारी पहाटे एका चुकीच्या आज्ञेने सगळी माहिती बिघडली, तेव्हा इंगानेच शनिवारची राखीव प्रत मांडून, त्यानंतर साठवलेल्या बदलांच्या फाइली ओळीने तिच्यावर चढवल्या होत्या. बिघाड एक पन्नासचा, म्हणून त्याच्या जरा अलीकडे ती थांबली. मधली एकही फाइल गळली नव्हती. म्हणजे बाई खोटं बोलते आहे. तिची नजर आइलाच्या कोटाच्या खिशाकडे गेली.

"अहो, जेवून आल्यावर दिली," आइला रडकुंडीला आली. "एकला जेवायला बसले, परत आले तर पुन्हा एकच वाजलेला! आम्ही हसलोसुद्धा, म्हटलं, आज एक तास जास्त राबायचं."

इंगाचा हात थबकला. हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे घ्यायची रात्र; दोन वाजले की पुन्हा एक. त्या रात्री एक पन्नास दोनदा वाजले होते. बिघाड झाला दुसऱ्यांदा वाजले तेव्हा, आणि ती थांबली होती पहिल्यांदा वाजले तिथे.

वेगळ्या यंत्रावर तीच प्रत मांडून तिने फाइली पुढे चालवल्या. हरवलेला तास हळूहळू पडद्यावर उतरू लागला. ताप, सलाइन, एका बाळाचा जन्म. मग नर्स आइला नीमी, एक वीस, मॉर्फीन.

आइलाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"काल नव्हती," मर्ल सावकाश म्हणाला. "आज आहे."

"माझी चूक. मी एक तास आधीच थांबले."

"असं होय." तो खुर्ची पुढे सरकवत म्हणाला, "हिवाळ्यात तळं गोठलं की तुम्ही दोघी बर्फावरच्या एकाच खोपटात मासे धरायला बसता, नाही का?"

"इथे कोण बसत नाही, मर्ल?"

"खरं आहे, खरं आहे," तो मान डोलावत म्हणाला, आणि मान डोलावता डोलावता त्याने इंगाच्या हाताखालचा कीबोर्ड हळूच आपल्याकडे ओढून घेतला.