चोरओटी

कारखान्याचं फाटक श्वासावरून लस ओळखायचं. लस घेतलेली असली की दिवा हिरवा लागे, अंगाला ती सोसणार नसेल तर पिवळा. कारण गुप्त राहील, असं कंपनीने कबूल केलं होतं. पण सोमवारी मृदुलावर पिवळा दिवा लागला आणि पॅकिंगच्या बायकांनी कारण ठरवूनही टाकलं.

"अगं, सांगायचं नाहीस होय? कितवा?"

कॅन्सरची औषधं चालू आहेत म्हटलं तर सगळ्या कीव करत बसतील, या धास्तीने तिच्या तोंडून निघून गेलं, "तिसरा."

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तिची चोरओटी भरली. ॲप्रनच्या ओच्यात नारळ पडला तशी शरमेने तिची मान खाली गेली.

शेवटी हेमलताताई आल्या. गेल्या वर्षी त्यांच्यावरही पिवळा दिवा लागला होता, त्यांचीही ओटी इथेच भरली होती. मूल पडलं असं त्या म्हणाल्या, तेव्हा मृदुला त्यांच्या गळ्यात पडून रडली होती.

तांदूळ घालता घालता हेमलताताई तिच्या कानाशी वाकल्या. "महिन्याभराने पडलं म्हणून सांग. कुणी खोदून विचारत नाही. मीही तेच सांगितलं होतं."