निळा तागा

निळ्या ताग्याची बाहेरची घडी एका जागी फिकट झाली होती. डाग साधारण अंगठ्याएवढा. ऊन तिथवर पोचत नव्हतं, म्हणजे रंग उडाला तो घासूनच. तागा उलगडताना ती दर वेळी त्याच जागी अंगठा ठेवायची.

त्यानं तागा काउंटरवर ठेवला आणि आत जायला फळी उचलली.

"तुम्ही बाहेरच थांबा," त्याची बायको म्हणाली.

गेला आठवडाभर हेच चाललं होतं. त्यानं फळी हळूच खाली टेकवली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसला. शेजारच्या गाळ्यातल्या बूटवाल्यांनी मान बाहेर काढून, आज पुन्हा प्रवेश बंद वाटतं, असं विचारलं. त्यानं हसून वेळ मारून नेली.

दोघांनी आयुष्यभर मॉलमध्ये कापड विकलं होतं. जुना मॉल शहराच्या कडेला होता, मध्यभागी कारंजं, दोन्ही टोकांना सरकते जिने. सुरुवातीला त्यांच्या समोर कॅसेटचं दुकान होतं. तिथे पुढे मोबाइल आले, मग नुसती मोबाइलची कव्हरं. फोटो स्टुडिओच्या जागी केस कापायचं दुकान आलं. आरसे मात्र स्टुडिओचेच राहिले. पुस्तकं गेली आणि व्यायामशाळा आली. एखादी पाटी उतरली की ती म्हणायची, "अहो, आपण तेवढे उरलो." कारंजं बंद पडलं, त्यात कुंड्या ठेवल्या. मग कुंड्याही गेल्या. शेवटी सगळा मॉलच ओस पडला, आणि काही वर्षांनी दोघं इथे आली.

इथे सगळं लहान. गाळ्यांची एकच ओळ, समोर बाकं. काउंटर आणि पाटी तेवढी जुन्या दुकानातली. लेकीनं हट्टानं आणवली होती. नियम पुष्कळ. जिला सगळी ओळ मॅनेजरबाई म्हणायची, ती बाई कात्री ठेवू देत नसे. म्हणून कापड नुसतं मोजायचं, ऑर्डर तोंडी घ्यायची, पुढचं ती बघायची. दुपारी सगळ्यांनी शटर ओढून विश्रांती घ्यायची, हाही तिचाच नियम.

दुकानं इथेही बदलत. घड्याळवाल्यांचं शटर एका सोमवारी अर्ध्यावरच राहिलं. त्यांच्या मुलांनी येऊन खोक्यांत सामान भरून नेलं, आणि थोड्याच दिवसांत तिथे टोप्या लागल्या. कोण कुठे गेलं, हे ओळीत कुणी फारसं विचारत नसे.

लेक दर रविवारी यायची. तिचं म्हणणं एकच. बाबा, आता पुरे झालं, माझ्याकडे राहायला चला; खोली तयार आहे, खिडकीतून झाड दिसतं. आई काही दुकान सोडणार नव्हती, हे तिघांनाही ठाऊक होतं. मग ती एकटी काउंटरवर कशी बसेल, असं तो विचारायचा, आणि विषय पुढच्या रविवारवर जायचा. गेल्या रविवारी मात्र आईनं त्याला बाहेर थांबवलेलं लेकीनं स्वतः पाहिलं.

आज सकाळीच मॅनेजरबाईनं त्याला गाठलं होतं. त्याच्या जागेसाठी एक बाई कधीपासून थांबल्या आहेत. घाई नाही, पण काय ते ठरलं की सांगा, असं ती म्हणाली. हे ती पहिल्यांदा म्हणत नव्हती.

आता बाकावर बसून तो बायकोकडे बघत होता. तिनं काउंटर पुसला, मीटरपट्टी सरळ केली, गल्ला ओढून पाहिला. केस कानामागे सारले. मग तिची नजर त्याच्यावर येऊन थांबली.

"या ना, असे लांब का बसलात?" ती म्हणाली. "काय दाखवू, भाऊ?"

बूटवाले खो खो हसले. "वहिनी, राग आला म्हणून काय नवऱ्याला भाऊ करता?"

ती हसली नाही. हे कोण मध्येच, अशा नजरेनं तिनं बूटवाल्यांकडे पाहिलं.

तो उठून काउंटरपाशी गेला. इतक्या वर्षांत काउंटरच्या या बाजूनं त्यानं तिला कधी काही मागितलं नव्हतं. पडद्यांसाठी कापड आहे का, असं त्यानं विचारलं.

"खिडकी केवढी?"

लेकीकडची ती खिडकी त्यानं अजून पाहिलेली नव्हती. त्यानं अंदाजानं हात पसरून दाखवले.

तिनं निळा तागा पुढे ओढला, फिकट जागेवर अंगठा ठेवला आणि एका झटक्यात उलगडला. मीटरपट्टी सरसर पुढे गेली. शेवटी चार बोटं जादा सोडली. धुतल्यावर कापड आटतं, तिनं त्याला समजावून सांगितलं. हे तिला त्यानंच शिकवलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात.

"आमचे हे बाहेर गेलेत," ती म्हणाली. "ते असले की भाव कमी करून देतात. त्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही. उद्या याल का?"

"येतो," तो म्हणाला.

तिनं मान डोलावली आणि कापडाची घडी घालायला घेतली. आठवडाभरात तिचा चेहरा इतका निवांत दिसला नव्हता. घडी पुरी होईपर्यंत तो तिथेच उभा राहिला.

मॅनेजरबाई टोप्यांच्या गाळ्यापाशी उभी होती. तो सरळ तिच्याकडे गेला.

"डॉक्टर," तो म्हणाला, "तिच्या शेजारची माझी खाट त्या बाईंना द्या. मी आज लेकीकडे जातो. दुकान मात्र चालू ठेवा. उद्यापासून भेटायच्या वेळेत मी येत जाईन, गिऱ्हाईक म्हणून."