गगनबावडा परवडला

ऋषभने कागलच्या कारखान्यातून मुश्किलीने रजा काढून आईवडिलांना बालीला आणलं होतं. आण्णांना ज्वालामुखी बघायचा होता. पण रोजच्या पावसात डोंगर ढगाबाहेर आलाच नव्हता. शेवटच्या सकाळीही हॉटेलच्या व्हरांड्यात आण्णांची कुरकुर चालली होती. “पाऊसच बघायचा हुता तर गगनबावड्याला गेलो असतो की.” ऋषभ वैतागला. “पाऊस मी पाडलाय काय, आण्णा?” दोघांनी तोंडं फिरवली. तेवढ्यात आई चपला काढून पायऱ्या उतरली आणि भर पावसात उभी राहिली. “आत ये, आजारी पडशील,” आण्णा ओरडले. “चैत्रात पाऊस आला की मी जन्मभर पापड गोळा करायला गच्चीवर पळालेय,” ती म्हणाली. “इथं माझं काय वाळत न्हाय. भिजू द्या की.” ऋषभने तिला पावसात नुसतं उभं राहिलेलं कधीच पाहिलं नव्हतं. आण्णांनी तिच्या चपला उचलून कोरड्यात ठेवल्या.