सावनेर रोडवर बंद पडणारी जीप

"लाइनमध्ये एअर येऊन राहिली असन," चंपतराव म्हणाले. "दुसरं काय राहणार?"

जितेंद्रने बॉनेट उघडून डोकं आत घातलं. चंपतरावांची जुनी फोर-व्हील ड्राइव्ह डिझेल जीप त्याच्या हुडकेश्वरच्या गॅरेजात पुन्हा आली होती. तक्रार तीच. चालता चालता इंजिन बंद पडतं. सेल्फ मारला की लगेच सुरू होतं.

लाइनमध्ये हवा नव्हती. डिझेल फिल्टर त्याने मागच्या खेपेलाच बदलला होता. टाकी उतरवून धुतली होती, पंप तपासला होता, पाइपाचा एकेक जोड पाहिला होता. टाकीच्या झाकणाचं बारीक भोक बुजलं तरी गाडी अशी दगा देते, म्हणून तेही तारेने साफ केलं होतं. दुसरा मेकॅनिक असता तर कंटाळला असता. जितेंद्रला मात्र त्या जीपने पछाडलं होतं. जेवतानाही तो बायकोला जीपच्याच गोष्टी सांगायचा.

"काकाजी, बंद पडायच्या आधी काय होते? झटके देते? धूर सोडते?"

चंपतरावांनी आठवून पाहिलं. सारी नोकरी त्यांनी जंगल खात्याच्या गाड्या चालवण्यात काढली होती. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून गाडी कोणत्या गिअरमध्ये आहे ते सांगायचे.

"काहीच नाही होत गा. चांगली चालून राहते. अन् एकदम पाहतो तं बंद. सावनेर रोडनं वावरात जाताना, कधी कोराडीजवळ, कधी पाटणसावंगीच्या पुढं."

बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या रुखमाबाई म्हणाल्या, "विकून टाका म्हणते मी. कवाची म्हणून राहिली."

"ही अशीच," चंपतराव हसले. "पहिल्यापासून जीपीले सवत समजते."

चहा आला. "गाडी बंद पडली तेव्हा स्पीड किती होती?" जितेंद्रने पाना पुसत विचारलं.

चंपतराव कप ओठांशी धरून समोर पाहत राहिले.

"काकाजी?"

रुखमाबाईंनी त्यांच्या हातातला कप अलगद काढून बाकावर ठेवला. "गरम आहे," त्या म्हणाल्या.

"अं? काय म्हटलं गा तू?"

वय झालं, आता ऐकूही कमी येत असेल. जितेंद्रने तोच प्रश्न मोठ्याने विचारला.

दुपारी तो जीप घेऊन एकटाच कामठीपर्यंत जाऊन आला. मुद्दाम कधी हळू, कधी दाबून चालवली. इंजिनाने कुठे नाव ठेवायला जागा दिली नाही.

"तुम्ही एकटे असता तेव्हाही बंद पडते का?" परत आल्यावर त्याने विचारलं.

"एकटा कुठं जातो मी? पहिले ही वावरात पाय ठेवत नव्हती. आता चावी हातात घेतली का माह्या आधी जीपीत जाऊन बसते."

जितेंद्रने रुखमाबाईंकडे पाहिलं. त्या पिशवीचा बंद नीट करत होत्या. बाई सोबत असली की गाडी बंद पडते, आणि बाईला तर गाडी विकायची आहे. त्याच्या मनात आलं ते त्यालाच बरं वाटलं नाही, पण ते काही केल्या जाईना.

"उद्या सकाळी मी येतो सोबत," तो म्हणाला. "तुम्ही चालवा. मी मागं बसतो."

सकाळी कोराडी मागे पडली. चंपतराव सफाईने चालवत होते, रस्त्यावरचे खड्डे चुकवत, संत्र्याच्या झाडांबद्दल बोलत. जितेंद्र मागच्या बाकावर पुढे वाकून इंजिन ऐकत होता. आवाज एकसारखा, स्वच्छ. पाटणसावंगीच्या पुढे रस्ता मोकळा झाला. चंपतरावांचं बोलणं थांबलं.

तेवढ्यात रुखमाबाईंचा हात डॅशबोर्डकडे गेला.

जुन्या डिझेल जीपमध्ये चावी फिरवून इंजिन बंद होत नाही. त्यासाठी एक दांडी ओढावी लागते. रुखमाबाईंनी ती पूर्ण बाहेर ओढली. इंजिन बंद पडलं.

म्हणजे हीच. फिल्टर, टाकी, पंप, एवढी सगळी मेहनत जितेंद्रच्या डोळ्यांपुढून गेली.

"काकू," तो कडक आवाजात म्हणाला, "हे तुम्हीच करता. काहून?"

रुखमाबाईंचा दुसरा हात स्टीअरिंगवर होता. त्यांनी ते सगळ्या जोराने डावीकडे ओढलं. समोरून कोळशाचा भरलेला ट्रक हॉर्न वाजवत आला आणि जीपला हलवून निघून गेला. जीप रस्त्याकडेच्या मुरमावर उतरली, दोन हिसके देऊन थांबली.

"आरशात पाह्य," त्या म्हणाल्या.

जितेंद्रने पाहिलं. चंपतरावांचे डोळे सताड उघडे होते, पण पापणी हलत नव्हती. हात स्टीअरिंगवर तसेच, पाय ॲक्सिलरेटरवर दाबलेला. जितेंद्रने त्यांना हाक मारली, खांदा धरून हलवला. ते समोर पाहत राहिले.

रुखमाबाईंनी दांडी परत आत ढकलली. मग चंपतरावांची पापणी हलली. त्यांनी रस्ता पाहिला, बंद पडलेली जीप पाहिली आणि समाधानाने मागे वळले.

"पाह्यलं ना गा आता?" ते म्हणाले. "आपल्या आपणच बंद पडते."