दुरुस्तीची चिठ्ठी

प्रकाशकानं पिशवीतून स्वेटर काढून टेबलावर पसरला. अंगापेक्षा बाहीच मोठी. एका बाहीत त्याचे आणि शेजारी बसलेल्या बायकोचे मिळून चारही हात गेले असते, वर वारा खेळायला जागा उरली असती.

विणकामाच्या बाईंनी चष्मा लावून टाके मोजले. उगाचच मोजले, आकडा तोंडपाठ होता. अठ्ठेचाळीसच्या जागी चौऱ्याऐंशी. वेबसाइटवर नमुने चढवताना त्यांच्याच हातून झालेली चूक, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनीच सुधारलेली. शंभर नमुने त्यांनी लोकांना मोकळे करून दिले होते. छापा, विका, नफा कमवा. माझं नाव आणि मूळ पत्ता द्या, एवढीच अट. प्रकाशकानं दुसऱ्याच दिवशी सगळं उतरवून घेतलं, तेवढी अट सोडली, पुस्तक छापलं आणि मुखपृष्ठावर बायकोचं नाव घातलं. बाईंनी पत्र लिहिलं, तेव्हा उत्तर आलं होतं, फुकट वाटलेल्या मालाला मालक कसला?

आता भर रस्त्यात बायका त्याच्या बायकोला अडवून बाह्या दाखवत होत्या. जिला तुटलं बटण लावायलाही शिंपी लागतो, तिच्यावर ही वेळ.

प्रकाशकाच्या तोंडात आज साखर होती. नव्या आवृत्तीवर बाईंचंच नाव, वर फोटोसुद्धा. लोकरीच्या दुकानदारांनी पुस्तकांचे गठ्ठे परत धाडायला काढलेत, ते बाईंचा शब्द मानतात, त्यांच्याशी बाईंनी फक्त एकदा बोलावं. बाईंच्या नावावर आजवर एकही पुस्तक नव्हतं, हे तो हेरून आला होता.

"मुखपृष्ठावर वहिनींचंच नाव राहू द्या, शोभतंय," त्या म्हणाल्या. "मला आत एक दुरुस्तीची चिठ्ठी पुरे. प्रत्येक प्रतीत, पहिल्या पानावर चिकटवलेली. ती लागली की दुकानदारांशी बोलते."

मजकूरही त्यांनी तिथेच, टपोऱ्या अक्षरात, नावपत्त्यासकट लिहून दिला: 'या पुस्तकातले शंभरही नमुने माझे. चौदाव्यातली चूकही माझीच. ती मी तिसऱ्या दिवशी सुधारली. उतरवून घेणाऱ्यांनी पुन्हा पाहिलं नाही. सुधारलेले सगळे नमुने खालच्या पत्त्यावर कुणालाही फुकट मिळतील.'

शेवटच्या ओळीपाशी प्रकाशकाचा चेहरा उसवला. "अहो बाई, हे वाचल्यावर पुस्तक विकत कोण घेईल?"

"विकायची मोकळीक मी दिली होती," बाई म्हणाल्या. "घ्यायची सक्ती कुणावर केली नव्हती."

तो कागद चुरगळणार, इतक्यात बायकोनं तो त्याच्या हातून काढून घेतला. नीट घडी घातली, पर्समध्ये ठेवला, आणि उठली.

"डिंक घरात आहे," ती म्हणाली.