पेंटरकाकांचा तक्ता

गेल्या आठवड्यात पेंटरकाकांनी दाढीला टूथपेस्ट फासली आणि वर "काय गारगार वाटतंय!" म्हणून तिचं कौतुकही केलं. तेव्हा मात्र काकूंनी हट्टच धरला. अंध म्हणून रीतसर नाव नोंदवायचं, म्हणजे पांढरी काठी मिळेल, ती वापरायला शिकवणारा माणूस घरी येईल आणि आपला जीव एकदाचा भांड्यात पडेल.

काकांना ते नाक कापून घेण्यासारखं वाटत होतं. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस, आणि तो आंधळा? पण दवाखान्याची पायरी चढताना त्यांना एकदम आठवलं आणि ते मिशीतल्या मिशीत हसले. डोळे तपासायच्या खोलीतला अक्षरांचा तक्ता वीस वर्षांपूर्वी त्यांनीच तर रंगवला होता! ओळ न् ओळ तोंडपाठ होती.

"समोर काय दिसतंय ते सांगा, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काकांनी छाती फुगवून समोर बोट रोखलं आणि वरच्या ठसठशीत अक्षरापासून तळाच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत सगळा तक्ता धडाधड म्हणून दाखवला. काकूंनी कपाळाला हात लावला.

"आता द्या म्हणावं आंधळेपणाचा दाखला!" काका ऐटीत म्हणाले.

टेबलावर धप्पकन शिक्का उमटला.



"दिला. तो तक्ता आम्ही गेल्या वर्षीच काढला, काका. आत्ता तुम्ही आमच्या सिस्टरना वरपासून खालपर्यंत वाचलंत."